सरवा वेचणाऱ्यांसाठी शेताची कड सोडा



पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा रविवार ख्रिस्तसभा जागतिक संपर्क दिन म्हणून पाळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सामाजिक संपर्क माध्यमांविषयी आदेशपत्र काढले आणि १९६७ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. दरवर्षी या दिवशी आपण वर्तमानपत्रे, दूरदर्शन, मोबाइल यांच्या चांगल्या-वाईट वापराविषयी बोलतो. मुलांनी किती वेळ मोबाइल पाहावा, हा तर घराघरातील वादाचा विषय आहे. यंदा मात्र आम्ही आपणांपुढे निराळा प्रश्न ठेवीत आहोत. ज्या घरात इंटरनेट पोहोचतच नाही, किंवा रिचार्ज संपला की आठ-आठ दिवस बंद राहते, त्या घराविषयी आपले काही कर्तव्य आहे काय?

हा प्रश्न आम्हांला कोणत्या पुस्तकाने शिकवला नाही. तो आमच्याच एका चुकीतून पुढे आला. ती चूक आपणांपुढे कबूल करूनच सुरुवात करतो.

आमच्या पायरीवरची मुलगी

गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतर एक मुलगी रोज संध्याकाळी चर्चच्या ऑफिसबाहेरच्या पायरीवर येऊन बसत असे. रोझरीसाठी आली असेल असे आम्हांला वाटे. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड तिला कुणीतरी दिला होता आणि ती मोबाइलवर काहीतरी भरीत असे. त्याच दिवसांत ऑफिसचे इंटरनेट हळू चालते अशी तक्रार आली. बाहेरचे लोक वापरीत असतील असे म्हणून आम्ही पासवर्ड बदलला. मुलगी दोन दिवस येऊन बसली आणि मग यायची बंद झाली. आम्हांला ते जाणवलेसुद्धा नाही.

पुढे ती आईबरोबर ऑफिसात आली तेव्हा भीतभीत म्हणाली, "फादर, वायफाय बंद झालं का?" तेव्हा सर्व उलगडा झाला. २०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. अर्ज ऑनलाइन, कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन, यादीही ऑनलाइन. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. घरात फोन एकच, तो वडील कामावर घेऊन जातात. शेजारणीचा जुना फोन मागून मुलगी येत होती, पण त्यात रिचार्ज नव्हता. आम्ही पासवर्ड बदलला त्या आठवड्यात पसंतीक्रम भरण्याची मुदत संपली. तिला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागली आणि जवळचे कॉलेज हुकले.

बंधुभगिनींनो, त्या मुलीने आमच्याकडे पैसे मागितले नव्हते. तिला फक्त पायरीवर बसू द्यायचे होते. आम्ही तिला हाकलून दिले नाही, पण दार मात्र लावून घेतले. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या श्रीमंताने लाजराला मारल्याचे शुभवर्तमानात कुठेच सांगितलेले नाही. लाजर दाराशी होता आणि त्याला तो दिसला नाही, हाच त्याचा अपराध. त्या दिवशी आम्ही त्याच श्रीमंताच्या जागी होतो.

मोशेच्या नियमातील कड

आपल्या वाडवडिलांनी वसईच्या मातीत भातशेती केली. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या वेचणे, म्हणजे सरवा वेचणे, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएली लोकांना स्पष्ट आज्ञा दिली आहे. शेताच्या कडेपर्यंत कापू नका. गळालेल्या लोंब्या पुन्हा वेचू नका. द्राक्षमळा ओरबाडून रिकामा करू नका. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या.

ही आज्ञा नीट पाहिली तर तिच्यात तीन गोष्टी आढळतात.

पहिली गोष्ट, हा दानधर्म नव्हता. मालकाची मर्जी असेल तर कड सोडावी असे सांगितलेले नाही. शेत मालकाचे, पण जमीन परमेश्वराची. म्हणून कडेवरचे धान्य गरिबाच्या हक्काचे.

दुसरी गोष्ट, गरिबाला आयते पोते घरी पाठवलेले नव्हते. तो स्वतः येई, वाकून वेची, स्वतः झोडपी. त्याच्या कष्टाचा मान राखलेला होता. शेतात शिरण्याचा मार्ग तेवढा मोकळा हवा होता.

तिसरी गोष्ट आपल्याला रूथच्या पुस्तकात दिसते. मवाबी विधवा रूथ, परदेशी बाई, सासू नामीला पोसण्यासाठी बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचायला गेली. शेताचा मालक बवाज याने आपल्या गड्यांना बजावले की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे काढून टाका आणि तिला घालूनपाडून बोलू नका. संध्याकाळपर्यंत तिने एफाभर सातू गोळा केले. बवाजाने नियमापेक्षा थोडे अधिक केले, आणि तिला लाज वाटणार नाही अशा रीतीने केले. पुढे त्याच रूथच्या वंशात दावीद राजा जन्मला, आणि मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले. बेथलेहेमच्या त्या शेताची कड कुणी राखली नसती, तर त्या घराण्याचे काय झाले असते?

आजचे शेत कोणते?

कुणी म्हणेल, धान्य ही गरज आहे, इंटरनेट ही चैन आहे. वीस वर्षांपूर्वी हे म्हणणे पटले असते. आज तसे राहिलेले नाही.

शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर. लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या लाभार्थी बहिणींना ऑनलाइन ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले. त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो. रेल्वेचे तिकीट, गॅसची नोंदणी, बँकेचा व्यवहार, नोकरीची जाहिरात, सर्व त्याच वाटेने. गरिबासाठी सरकारने ठेवलेली मदतसुद्धा आज इंटरनेटच्या दारातून जाऊन घ्यावी लागते. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच त्या दाराची किल्ली नसते.

केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या अर्जावर निकाल देताना इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ख्रिस्तसभेनेही हे आधीच ओळखले होते. सामाजिक संपर्कासाठीच्या व्हॅटिकनच्या परिषदेने २००२ साली इंटरनेट आणि नीतिमत्ता यावर एक पत्रक काढले. ज्यांच्याकडे हे साधन आहे आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यातील वाढती दरी हा अन्याय आहे, असा इशारा त्यात दिला होता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या संपर्क दिनाच्या संदेशात ही नवी साधने गरीब व उपेक्षितांपर्यंत पोहोचली पाहिजेत असा आग्रह धरला.

आता आकडे पाहू. सरकारच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील १०० घरांपैकी सुमारे २४ घरांतच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात तर १५ घरांत. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा आपण मिस्सा ऑनलाइन दाखवली आणि शाळांनी वर्गही ऑनलाइन घेतले. किती घरांत ते दिसत नव्हते हे आपण तेव्हा विचारले नाही. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत १०० पैकी सुमारे ८६ घरांत इंटरनेट आढळले. प्रगती मोठी आहे, त्याबद्दल देवाचे आभार मानू. पण घरात इंटरनेट आहे म्हणजे पाच माणसांत एक फोन असेल, तरीही ते घर त्या ८६ मध्येच मोजले जाते.

खर्चाचाही हिशेब करू. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. रोज दीड जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा साधा रिचार्ज तेव्हा सुमारे ३०० रुपयांवर गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. म्हणजे एका फोनचे वर्षाला सुमारे ३,९०० रुपये. दोन फोन असतील तर ७,८००. आपल्यापैकी अनेकांना ही रक्कम मोठी वाटणार नाही. पण धुणीभांडी करणाऱ्या माउलीला विचारा. ती आधी रेशन भरते, मग भाडे देते, मग औषध आणते. रिचार्ज सर्वांत शेवटी येतो.

इतर ठिकाणी काय झाले?

केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या २० लाख कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचा त्यांचा संकल्प आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील १०० याप्रमाणे १४,००० कुटुंबे धरली गेली. संकल्प मोठा आणि वाट लांब आहे, तरी सरकारने ही आपली जबाबदारी मानली.

आपल्या काही घरांतील मुले अमेरिकेत आहेत. तेथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला लाइफलाइन नावाच्या योजनेतून महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते. महामारीनंतर तेथे महिन्याला ३० डॉलर सूट देणारी आणखी एक योजना आली आणि सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. पण संसदेने नवा निधी दिला नाही आणि १ जून २०२४ रोजी ती बंद पडली. ज्या घराने त्या भरवशावर मुलांचा अभ्यास लावला होता, त्याच्या हाती पुन्हा पूर्ण बिल आले.

आपल्या देशातही एक धडा मिळाला. २०१५ साली एका मोठ्या परदेशी कंपनीने मोफत इंटरनेटची योजना आणली. मात्र त्यात कंपनीने निवडलेलीच संकेतस्थळे मोफत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली. शेताच्या ज्या कडेवर मालक सांगेल तीच कणसे उचलायची, ती मोशेच्या नियमातील कड नव्हे. गरिबाला द्यायचे तर पूर्ण दार उघडावे, खिडकी नव्हे.

मनात येणाऱ्या शंका

ही गोष्ट पालकीय परिषदेत काढली तेव्हा शंका निघाल्या. त्या खऱ्या आहेत, म्हणून येथे मांडतो.

"मुले बिघडतील." धोका आहेच. अश्लील चित्रफिती आहेत, फसवणूक आहे. जुगाराने तर इतकी घरे बुडाली की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. पण एक विचारावेसे वाटते. आपल्या मुलाच्या खोलीत आपण दार लावून वायफाय देतो, तेव्हा तो बिघडेल असे आपल्याला वाटत नाही. गरिबाचे मूल सर्वांच्या डोळ्यांदेखत हॉलमध्ये बसले की मात्र ते बिघडणार, हे आपण कशावरून ठरवतो? संत कार्लो अक्युटिस याला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळाले. तो २००६ साली वयाच्या पंधराव्या वर्षी वारला. त्याने संगणकाचा उपयोग ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी केला. साधन त्याच्याकडे होते आणि वळण लावणारी माणसेही होती. मुलाला दोन्ही लागतात.

"आपल्याच लोकांना पुरत नाही, बाहेरचे येतील." रूथ बाहेरचीच होती.

"फुकट दिले की किंमत राहत नाही." सरवा फुकट होता, पण तो वेचायला दिवसभर उन्हात वाकावे लागे. अर्ज भरणे, अभ्यास करणे, नोकरी शोधणे, हे कष्ट ज्याचे त्यालाच करायचे आहेत.

आपण काय करणार आहोत

आपल्याकडे गरीब कुटुंबाच्या इंटरनेट बिलात दरमहा सूट देणारी देशव्यापी सरकारी योजना नाही. तरी काही मार्ग खुले आहेत आणि ते पुष्कळांना ठाऊक नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची पद्धत मंजूर केली. तिच्यात चहाची टपरी, किराणा दुकान किंवा एखादी संस्था आपल्या ब्रॉडबँडवरून लोकांना थोड्या पैशांत वायफाय देऊ शकते. त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा सरकारी शुल्क लागत नाही. जून २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने असेही ठरवले की अशा केंद्राला २०० एमबीपीएसपर्यंतची जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. वापरणाऱ्याची ओळख मोबाइलवरून पटते, त्यामुळे गैरवापराची भीती कमी. घरचे वायफाय पासवर्डाशिवाय सर्वांना उघडे ठेवू नका, कारण कुणी वाईट काम केले तर चौकशी ज्याच्या नावावर जोडणी त्याच्याकडे येते.

या पद्धतीने आपल्या हॉलमध्ये केंद्र सुरू करण्याचे पालकीय परिषदेने ठरवले आहे. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते नऊ हॉल उघडा राहील. ज्याला कूपन परवडत नाही त्याचा खर्च धर्मग्रामाच्या गरीब निधीतून होईल. दारात वही ठेवून गरिबांची यादी केली जाणार नाही आणि कुणाचा धर्म विचारला जाणार नाही. बवाजाने गड्यांना दिलेली ताकीद आम्ही स्वतःला देत आहोत.

आपणांस चार विनंत्या आहेत.

ज्या युवकांना ऑनलाइन अर्ज भरता येतात त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. दुसऱ्याचा ओटीपी किंवा आधारची प्रत स्वतःजवळ ठेवू नये. अर्ज त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने भरून घ्यावा.

ज्या घरी ब्रॉडबँड आहे त्या प्रत्येक घराने वर्षातून एका रिचार्जएवढी रक्कम गरीब निधीत टाकावी. ज्यांचा रोजचा डेटा उरतो त्यांनी आठवावे की रात्री बाराला तो वाया जातो. शेजारच्या परीक्षार्थी मुलाला अर्धा तास हॉटस्पॉट दिल्याने आपले काही जात नाही. शेतात कुजणाऱ्या कणसाचा मालकाला तरी काय उपयोग?

घरातल्या ज्या आजी-आजोबांना फक्त फोनवर बोलायचे असते त्यांच्यासाठी डेटाचा रिचार्ज उगाच करू नका. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांकडे फक्त कॉल व एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध झाले आहेत. वाचलेले पैसे घरातल्या शिकणाऱ्या मुलाच्या रिचार्जला उपयोगी पडतील. रेल्वे स्थानकांवरच्या वायफायची माहितीही गरजूंना द्या. देशभरातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ही सोय आहे आणि रोजचा पहिला अर्धा तास विनामूल्य असतो.

शेवटची विनंती मतदार म्हणून. नगरसेवक किंवा आमदार मत मागायला येतील तेव्हा रस्ता आणि गटार याबरोबर हेही विचारा, की आमच्या वॉर्डातील वाचनालयात गरीब मुलांसाठी इंटरनेट केव्हा देणार? धर्मग्राम एक हॉल उघडू शकतो. पण हक्क म्हणून कड राखणे हे शेवटी राज्यकर्त्यांचे काम आहे, आणि त्यांना त्याची आठवण करून देणे आपले.

आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिची आई म्हणाली, "असू द्या फादर, तुम्हांला कुठं माहीत होतं." तिने क्षमा केली, पण तिचे ते वाक्य आम्हांला आजही टोचते. आम्हांला माहीत नव्हते, कारण रोज संध्याकाळी तिच्या शेजारून जाऊनही आम्ही कधी विचारले नाही. हॉलचा पहिला पासवर्ड तिच्या हाती द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, तू आम्हांला भरभरून दिले आहेस. आमच्या शेताची कड कोणाची आहे हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमच्या दाराशी बसलेल्यांना पाहण्याची दृष्टी दे, आणि त्यांना न लाजवता देण्याचे मन दे. आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.